डिस्नेलँड पॅरिसहून शहरात ट्रेनने कसं जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅरिसच्या पूर्वेकडच्या उपनगरात, आरईआर ए या उपनगरी ट्रेनच्या लाइनच्या वाटेवरच राहते. एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईहून, नाशिकहून नातेवाइकांचे आणि नातेवाइकांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. हॉटेल डिस्नेलँडजवळ घेतलंय, कारण तिथे स्वस्त मिळालं. आता पॅरिस बघायला रोज टॅक्सी करायची का? टॅक्सी करू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. ट्रेन हॉटेलच्या दारात आहे आणि तिची माहिती नीट असली तर ती सोपी आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

डिस्नेलँड पॅरिस शहरातच आहे ना?

नाही. ते पॅरिसच्या पूर्वेला, साधारण ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हॅले या नव्याने वसवलेल्या भागात आहे. पार्क १२ एप्रिल १९९२ रोजी सुरू झालं आणि आरईआरचं स्टेशन त्याच महिन्याच्या १ तारखेला. म्हणजे पार्क उघडायच्या आधी ट्रेन तिथे पोहोचली होती. त्यामुळेच स्टेशन पार्कच्या इतकं लगत आहे.

स्टेशन कुठे आहे? किती चालावं लागतं?

पार्कच्या फाटकातून बाहेर पडलात की दोन-तीन मिनिटांत स्टेशन. नाव मार्न-ला-व्हॅले–शेसी, सगळे नुसतं ‘शेसी’ म्हणतात. हॉटेल जरा लांब असेल तर बऱ्याच हॉटेलांची मोफत शटल बस तुम्हाला स्टेशनशेजारच्या बस तळावर आणून सोडते. हॉटेल बुक करताना शटलची शेवटची फेरी किती वाजता आहे तेवढं विचारून घ्या. रात्री उशिरा परतणाऱ्यांना त्याची गरज पडते.

पॅरिसला जाणारी गाडी कशी ओळखायची?

शेसीला ओळखायची गरजच नाही. हे लाइनचं शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळे इथून सुटणारी आरईआर एची प्रत्येक गाडी पॅरिसकडेच जाते आणि शहराच्या पोटातून आरपार निघून पश्चिमेच्या उपनगरांत जाते. गाडीवर सँ-जेर्मां-आँ-ले किंवा पुआसी असं अनोळखी नाव दिसलं तरी बिनधास्त चढा. दिवसा साधारण दर दहा मिनिटांनी गाडी असते. गाड्या दुमजली आहेत. सामान किंवा बाबागाडी असेल तर वर-खाली न जाता दारालगतच्या मोकळ्या जागेतच थांबा.

त्याच स्टेशनात टीजीव्ही ही लांब पल्ल्याची गाडीही लागते. ती जास्त वेगवान असेल ना?

वेगवान आहेच, पण ती पॅरिस शहरात जात नाही. शेसीहून सुटणाऱ्या टीजीव्ही आणि तिच्याच स्वस्त प्रकारातल्या विगो गाड्या राजधानीला वळसा घालून लिल, लिऑं, मार्सेकडे जातात. त्यांचे फलाट आणि तिकिटं वेगळी असतात. स्टेशनात शिरल्यावर ‘आरईआर’ आणि लाल गोलातला ‘ए’ शोधा, बाकी फलकांकडे बघू नका.

पॅरिसला कुठे उतरायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘पॅरिस’ नावाचं एक स्टेशन नाही. आरईआर ए शहरात पाच ठिकाणी थांबते. त्यातलं कोणतं आपलं, हे काय बघायचंय त्यावर ठरतं, म्हणून सकाळी निघण्याआधीच पहिलं ठिकाण नक्की करा.

शेसीहून निघाल्यावर शहरातलं पहिलं मोठं स्टेशन नासिओं. साधारण ३५ मिनिटं लागतात. मोंमार्त्रची टेकडी आणि साक्रे-कर चर्च बघायचं असेल तर इथे उतरून मेट्रो २ पकडायची आणि आँव्हेरला उतरायचं, मध्ये कुठेही बदल नाही. टेकडीवर जायला पायऱ्या आहेत, शिवाय फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोरीने ओढला जाणारा डबा आहे. त्याला वेगळं तिकीट लागतं.

पुढचं गार द लिऑं. लूव्र संग्रहालयाला जाणाऱ्यांनी इथे उतरून मेट्रो १ घ्यावी आणि पाले रुआयाल–म्युझे द्यु लूव्रला उतरावं. पुष्कळ जण शाटले–ले आल या पुढच्या स्टेशनात गाडी बदला असं सांगतात. नकाशावर ते जवळ दिसतं, पण शाटले म्हणजे जमिनीखालचं एक गावच आहे. सरकते पट्टे, लांबलचक बोगदे, पाच मेट्रो आणि तीन आरईआर एकमेकांत गुंतलेल्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिथे गाडी बदलू नका, गार द लिऑंलाच बदला. मेट्रो १ विनाचालक आहे, त्यामुळे मुलांना अगदी पुढच्या काचेशी उभं करा. बोगदा समोरून अंगावर येताना दिसतो आणि पोरं हरखून जातात. लूव्र मंगळवारी बंद असतं, हे विसरू नका.

नोत्र दाम बघायचं असेल तर मात्र शाटले–ले आलच बरं. बाहेर पडून नदीच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की कॅथेड्रल येतं. २०१९ च्या आगीनंतर ते डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुलं झालं आहे.

खरेदी आणि ऑपेराची जुनी इमारत यासाठी ओबेर. आर्क द ट्रिऑम्फ आणि शाँज-एलिझेसाठी शार्ल द गोल–एत्वाल. शेसीपासून तिथे पोहोचायला पाऊण तास किंवा थोडं जास्त धरा.

आणि आयफेल टॉवर?

आयफेलखाली आरईआर ए जात नाही. सोपा आणि सुंदर मार्ग असा: शार्ल द गोल–एत्वालपर्यंत आरईआर ए, तिथून मेट्रो ६, दिशा नासिओं. एत्वाल हे मेट्रो ६ चं सुरुवातीचं स्टेशन आहे, म्हणून बसायला जागा मिळते. तिसरं स्टेशन त्रोकादेरो. तिथे वर आलात की गच्चीवरून टॉवर समोर पूर्ण दिसतो. सगळे फोटो तिथूनच काढलेले असतात.

पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा त्रोकादेरोला उतरू नका. तसेच पुढे बीर-आकेमपर्यंत जा आणि डावीकडच्या खिडकीशी बसा. पासी स्टेशन सुटलं की मेट्रो जमिनीवरून उंच पुलावर येते, खाली सेन नदी आणि डाव्या हाताला अख्खा आयफेल. हा देखावा अर्धा मिनिटही टिकत नाही, पण तेवढ्यात डबाभर माणसं बोलायची थांबतात. बीर-आकेमहून टॉवरच्या पायथ्याशी चालत दहा मिनिटं. संध्याकाळी परतताना नदी ओलांडून त्रोकादेरोवरून या, म्हणजे दोन्ही बाजूंनी टॉवर बघून होतो.

तिकीट किती आणि कुठे काढायचं?

जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरातली अंतराप्रमाणे तिकीट ही पद्धत बंद झाली. आता मेट्रो, आरईआर आणि उपनगरी ट्रेन यांना एकच सपाट दर आहे. २०२५ मध्ये तो २.५० युरो होता, २०२६ पासून २.५५ युरो. याआधी शेसीहून पॅरिसचं तिकीट ५ युरो पडायचं, म्हणजे डिस्नेजवळ राहणाऱ्यांचा खर्च जवळजवळ अर्ध्यावर आला. जुन्या ब्लॉगवर ‘झोन ५’, ‘टी प्लस तिकीट’, दहा तिकिटांचा कागदी गठ्ठा असलं काही वाचलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. दर साधारण दर जानेवारीत बदलतात, तेवढं निघण्यापूर्वी तपासा.

तिकीट भरायला नाव्हिगो ईझी नावाचं कार्ड घ्या. २ युरोला मिळतं, फोटो लागत नाही, नाव लागत नाही, दहा वर्षं चालतं. पुढच्या वर्षी भाचा येणार असेल तर त्याला देता येतं. स्टेशनातल्या मशीनवर इंग्रजी भाषा निवडता येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शेसीच्या मशीनसमोर मोठी रांग असते, म्हणून आदल्या संध्याकाळीच जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तिकिटं भरून ठेवा. रात्री परतताना रांगेत उभं राहण्याइतका जीव कुणात उरत नाही.

एका तिकिटावर दोन तासांच्या आत आरईआर आणि मेट्रो हव्या तेवढ्या वेळा बदलता येतात, बाहेर पडला नाहीत तर. गाडी बदलताना मध्येच पुन्हा फाटक लागतं. तिथे कार्ड टेकवा, नवं तिकीट कापलं जात नाही. आणि शेवटी बाहेर पडतानाही कार्ड लागतं, म्हणून ते बॅगेच्या तळाशी टाकू नका.

बसचं मात्र वेगळं आहे. बस आणि ट्रामला स्वतंत्र, जरा स्वस्त तिकीट. मेट्रोच्या तिकिटावर बस चालत नाही.

चौघांत एक कार्ड चालेल?

नाही, माणशी एक कार्ड.

बँकेचं कार्ड सरळ फाटकावर टेकवलं तर?

लंडनला चालतं, इथे नाही. फोनवर मात्र तिकीट घेता येतं. आयफोनवर वॉलेटमध्ये नाव्हिगो कार्ड तयार होतं, अँड्रॉइडवर इल-द-फ्राँस मोबिलिते या अधिकृत ॲपमधून. तिथेही नियम तोच, एका फोनवर एकच प्रवासी. आई-बाबांसाठी मी प्लास्टिकचं कार्डच सुचवते. गर्दीच्या फाटकाशी फोनची स्क्रीन उघडत बसणं त्यांना नको वाटतं.

दिवसाचा किंवा आठवड्याचा पास घ्यावा का?

हिशेब करून बघा. दिवसाचा पास, नाव्हिगो जूर, २०२६ मध्ये १२.३० युरो आहे. सुटी तिकिटं २.५५ ची. म्हणजे दिवसात पाच किंवा जास्त प्रवास झाले तरच पास परवडतो. सकाळी जाणं, मध्ये दोन मेट्रो आणि रात्री परत येणं, एवढंच असेल तर सुटी तिकिटं बरी. पावसाचा दिवस असेल आणि जरा चाललं की मेट्रोत शिरायचं असा बेत असेल तर पास घ्या.

आठवड्याचा पास ३२.४० युरोचा आहे. तो सोमवार ते रविवार असाच चालतो, तुम्ही कधीही आलात तरी. शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचाच पास विकतात. त्याला नाव्हिगो देकुव्हेर्त हे ५ युरोचं वेगळं कार्ड आणि छोटा फोटो लागतो. फोटो भारतातूनच आणा. याची खरी गंमत अशी की त्यात शार्ल द गोल विमानतळही येतो. विमानतळाचं सुटं तिकीट २०२६ मध्ये १४ युरो आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८. सोमवारी किंवा मंगळवारी उतरून त्याच आठवड्यात परत उडणाऱ्याने हा पास डोळे मिटून घ्यावा. दिवसाचा पास मात्र विमानतळाला चालत नाही.

मुलांचं तिकीट?

चार वर्षांखालच्या मुलांना काही नाही. चार पूर्ण ते दहापेक्षा कमी वयाला अर्धं तिकीट. पण त्यांनाही स्वतःचं कार्ड हवं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.

आईचे गुडघे दुखतात. पायऱ्या किती?

आरईआर स्टेशनांत बहुतेक ठिकाणी लिफ्ट किंवा सरकते जिने आहेत, शेसीला अडचण येत नाही. त्रास देते ती मेट्रो. जुन्या लाइन शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत आणि तिथे पायऱ्याच पायऱ्या. मेट्रो १४ सर्वांत नवी, तिच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे आणि ती गार द लिऑंहून मिळते.

ज्यांना पायऱ्या अजिबात जमत नाहीत त्यांनी आरईआरने एत्वालपर्यंत जावं आणि पुढे बस घ्यावी. २२ आणि ३० नंबरच्या बस त्रोकादेरोला जातात. बस खाली झुकते, चढायला सोपी असते, आणि खिडकीतून शहर दिसतं. वेळ थोडा जास्त लागतो, पण आई-बाबांच्या चेहऱ्यावरचा थकवा वाचतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना मी हाच मार्ग सांगते.

परत येताना कोणती गाडी पकडायची?

जाताना डोकं लावावं लागत नाही, येताना लावावं लागतं. लाइन व्हँसेन स्टेशननंतर फुटते. मुंबईकरांना लगेच कळेल: कल्याणनंतर जशा कर्जत आणि कसारा अशा दोन वाटा होतात, तसंच. एक फाटा बुआसी-सँ-लेजेला जातो, दुसरा शेसीला. म्हणून फलाटावर आलेल्या पहिल्या गाडीत उडी मारायची नाही. फलाटावरच्या पाटीवर ‘मार्न-ला-व्हॅले शेसी – पार्क डिस्नेलँड’ असं असतं. गाडीला चार अक्षरी नावही असतं आणि शेसीच्या गाड्यांचं नाव रोमन ‘क्यू’ अक्षराने सुरू होतं. पाटीवर त्या गाडीची थांबण्याची स्टेशनं दिसतात. शेसी त्यात आहे की नाही ते बघा, मगच चढा.

बरोबर फाट्यावरच्या काही गाड्या शेसीपर्यंत न जाता आधीच, तोर्सी किंवा नॉइझी-ल-ग्रांला संपतात. अशा गाडीत बसलात तर घाबरू नका. तिथे उतरून मागच्या गाडीची वाट बघा, फाटकाबाहेर पडू नका, तिकीट तेच चालतं. चुकीच्या फाट्यावर गेलात, म्हणजे खिडकीतून फोंतने-सू-बुआ दिसलं, तर उतरून उलट दिशेने व्हँसेनला या आणि शेसीची गाडी पकडा.

शेसीच्या आधीचं स्टेशन व्हाल द्युरोप. तिथे मोठं मॉल आहे, त्यात ओशाँ हे सुपरमार्केट. दूध, दही, फळं, पाव पार्कजवळच्या दुकानांपेक्षा तिथे कितीतरी स्वस्त. परतताना दहा मिनिटं उतरून सकाळची सोय करून ठेवा.

पॅरिसहून रात्री उशिरा परतलं तर? शेवटची गाडी किती वाजता?

आरईआर ए पहाटे पाचच्या आसपास सुरू होते आणि मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात बंद पडते. अगदी शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, शहरातून साडेअकरापर्यंत निघा. चुकलीच तर गार द लिऑंहून एन १३० ही रात्रीची बस शेसीला येते, पण ती वळणं घेत येते आणि पेंगुळलेल्या मुलांना घेऊन तो प्रवास नको वाटतो. अशा वेळी मात्र टॅक्सी करा, तिथे पैसे वाचवू नका.

उलट, तुम्ही पॅरिसमध्ये राहत असाल आणि पार्कमधले रात्रीचे फटाके बघून परतणार असाल, तर शो संपल्या संपल्या अख्खं पार्क एकदम स्टेशनाकडे धावतं. वीस-पंचवीस मिनिटं पार्कबाहेरच्या दुकानांत रेंगाळा. गर्दी ओसरते आणि बसायला जागा मिळते.

संप, बंद वगैरे?

होतात. फलकावर ‘ग्रेव्ह’ दिसलं तर संप. ‘पेर्त्युर्बे’ म्हणजे गाड्या विस्कळीत, ‘इंतेरोंप्यू’ म्हणजे त्या भागात बंद. ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक सुट्टीवर जातात, म्हणून रुळांची मोठी कामं त्याच महिन्यात काढतात आणि लाइनचे काही भाग बंद ठेवतात. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी आदल्या रात्री ॲपवर बघितल्याशिवाय दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवू नये. विमान पकडायच्या दिवशी तर दोन तास हातात राखून निघा.

खिसेकापू खरंच इतके आहेत?

आहेत, आणि आपल्याकडच्या पर्यटकांकडे रोख आणि सोनं असतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. मंगळसूत्र ओढणीखाली ठेवा. दाराजवळ उभं राहून फोन हातात धरू नका, दार बंद होण्याच्या क्षणी तो ओढून पळतात. कागदावर सही मागणाऱ्या मुली, मशीनवर ‘मदत’ करायला येणारा गणवेश नसलेला माणूस, दोघांनाही नाही म्हणा आणि पुढे चला. ट्रेनमध्ये काही खटकलं तर ३११७ हा रेल्वेचा सुरक्षा क्रमांक आहे. एरवी ११२.

शाकाहारी जेवण कुठे?

पार्कमध्ये पर्याय कमी आणि महाग. नासिओंला उतरून मेट्रो २ ने ला शापेल स्टेशनला जा. त्या भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आहे. डोसा, इडली, वडा, भाताचं ताट, स्टीलच्या पेल्यातला चहा, आणि कढीपत्त्यापासून नारळापर्यंत सगळं विकणारी दुकानं. जवळच र्यू पाजोलवर गणपतीचं देऊळ आहे. गणेश चतुर्थीच्या सुमारास तिथून रथयात्रा निघते, रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये इथे असाल आणि घरच्या गणपतीची आठवण येत असेल तर त्या रविवारी नक्की जा. परदेशात ढोल-नादस्वराच्या आवाजात गणपती बघताना फार बरं वाटतं.

शार्ल द गोल विमानतळ ते डिस्ने?

टर्मिनल २ खालून थेट टीजीव्ही आहे, जेमतेम दहा मिनिटांत शेसी. पण फेऱ्या ठरावीक आणि दर विमानाच्या तिकिटासारखे कमी-जास्त होतात. आधी आरक्षण केलंत तर स्वस्त. नाहीतर आरईआर बीने शाटले–ले आलला येऊन तिथे आरईआर ए. सामान जास्त असेल तर हा मार्ग दमवतो.

आम्ही लंडनला राहतो. थेट युरोस्टार आहे का?

होती, जून २०२३ मध्ये बंद झाली. आता लिलला गाडी बदलून टीजीव्हीने शेसीला येता येतं. पॅरिसच्या गार द्यु नोरला उतरलात तर आरईआर बी किंवा डीने एकच स्टेशन शाटले–ले आल आणि तिथून आरईआर ए.

गाडीत चढताना कुटुंबातलं कोणी फलाटावर राहिलं तर?

भोंगा वाजला की दार बंद होतं, पुन्हा उघडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना, विशेषतः मुलांना आणि आजी-आजोबांना, एक नियम पाठ करून द्या: जो फलाटावर राहिला त्याने जागा सोडायची नाही. गाडीत असलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. आणि लहान मूल गाडीत एकटं राहिलं, तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथल्या बाकावर बसायचं, मोठ्यांनी मागच्या गाडीने त्याच्याकडे पोहोचायचं. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर भारताच्या कोडसकट आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा.